विळ्या-भोपळ्याचे सख्य : वेलवर्गीय पिकांचे खुंट आणि लाल कोळी

मार्च सरत आला की काकडीच्या एखाद्या प्लॉटमध्ये भर दुपारी जाऊन उभे राहावे. वरवर पाहिले तर वेल ठीकच दिसतो. मांडवावर चढलेला असतो, पिवळी फुले लागलेली असतात, शेंड्याकडची पाने तजेलदार असतात. बुडाकडच्या पानांवर मात्र कुणीतरी टाचणीने टोचून ठेवल्यासारखे बारीक पांढुरके ठिपके असतात. शेतकरी म्हणतो करपा असेल. औषधाचा दुकानदार म्हणतो मॅग्नेशियम कमी पडले. मग पान तोडून उलटे करायचे आणि दहापटीचे भिंग डोळ्याला लावायचे. शिरेच्या कडेने, लवेच्या आडोशाला, पिवळट-तांबूस ठिपके चालताना दिसतात. मधूनमधून काचेच्या मण्यासारखी गोल अंडी, टाकलेल्या कातीचे पांढरे तुकडे आणि या सगळ्यावर फुंकरीने हलेल इतकी बारीक जाळी. पाय मोजले तर आठ भरतात. म्हणजे हा कीटक नव्हेच. गोचीड, विंचू यांच्या गोतातला हा कोळी आहे.

ही पुस्तिका या कोळ्याबद्दल आहे आणि त्याला आवर घालण्यासाठी सुचवल्या जाणाऱ्या एका वेगळ्या वाटेबद्दल आहे. ही वाट फवारणी पंपातून जात नाही, रोपवाटिकेतून जाते. काकडी, खरबूज, कलिंगड यांचे कोवळे रोप कापून ते दुधी भोपळ्याच्या किंवा तांबड्या भोपळ्याच्या मुळावर, म्हणजे खुंटावर, बसवायचे, आणि त्या परक्या मुळाच्या बळावर वरच्या पानाला कोळ्याशी झुंजता येते का ते पाहायचे, असा हा विचार आहे. विळ्या-भोपळ्याचे सख्य म्हणजे हाडवैर, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. इथे पाते लागते ते भोपळ्याची ताकद दुसऱ्या वेलाला मिळावी म्हणून. त्यामुळे ही म्हण थोडा वेळ बाजूला ठेवायला हरकत नाही.

आधी शत्रू नीट ओळखू. आपल्याकडे ज्याला सरसकट लाल कोळी म्हणतात, त्यात एकाहून अधिक जाती येतात. त्यांतली सगळ्यात पसरलेली जात म्हणजे टेट्रानिकस अर्टिकी, अर्थात दोन ठिपक्यांचा कोळी. पाठीवर दिसणारे ते दोन गडद ठिपके म्हणजे रंगीत नक्षी नाही. पारदर्शक अंगातून दिसणारे पोटातले अन्न आहे. लांबी जेमतेम अर्धा मिलिमीटर. खाण्याच्या बाबतीत मात्र याला जात-पात नाही. १,१०० हून अधिक वनस्पतींवर तो आढळला आहे. काकडीवरून भेंडीवर, भेंडीवरून वांग्यावर, तिथून बांधावरच्या तणावर आणि पुन्हा काकडीवर अशी त्याची फेरी वर्षभर चालते. मावा किंवा तुडतुडे पानाच्या शिरेतला रस ओढतात. कोळी तसे करत नाही. तो सुईसारखे मुखांग पानाच्या आतल्या हिरव्या पेशीत खुपसतो, तिच्यातला ऐवज हरितद्रव्यासकट शोषून घेतो आणि शेजारच्या पेशीकडे वळतो. आपल्याला दिसणारे पांढुरके ठिपके म्हणजे अशा रिकाम्या झालेल्या पेशींचे पुंजके. ते एकमेकांत मिसळले की पान तांबूस-करडे होते, वाळते आणि वेल उघडा पडतो. मग फळावर ऊन लागते, फळ पोसत नाही आणि तोडे आटोपतात.

त्याची खरी ताकद वाढीच्या वेगात आहे. तापमान तीस अंशांच्या आसपास आणि हवा कोरडी असली की अंड्यापासून अंडी घालणाऱ्या मादीपर्यंतचा प्रवास आठवडा-दहा दिवसांत संपतो. एक मादी शंभराच्या आसपास अंडी घालते. नर भेटला नाही तरी तिचे अडत नाही. फलन न झालेल्या अंड्यांतून नर जन्मतात, आणि एकटी मादीही अशा रीतीने नवी वसाहत उभी करू शकते. पान खराब झाले की हे जीव शेंड्यावर गोळा होतात, तंतू सोडतात आणि वाऱ्यावर शेजारच्या शेतात जाऊन पडतात. आपल्या कपड्यांवरून, क्रेटमधून, तोडणीच्या पाट्यांतूनही ते हिंडतात. फेब्रुवारी ते मे हे आपल्या कलिंगड-खरबुजाचे आणि उन्हाळी काकडीचे दिवस. नेमके तेच या कोळ्याच्या सुगीचेही दिवस आहेत.

या वेगाला आपण आजवर एकच उत्तर देत आलो, ते म्हणजे औषध. कोळीनाशके आहेत आणि योग्य वेळी, योग्य मात्रेत मारली तर उपयोगही होतो. पण या जीवाची नोंद जगातल्या सर्वांत हट्टी किडींमध्ये होते. नव्वदहून अधिक रासायनिक घटकांना त्याने कुठे ना कुठे दाद देणे सोडले आहे. त्याचे कारण त्याच्या जन्मपद्धतीत दडलेले आहे. नरामध्ये जनुकांचा एकच संच असतो. औषधाला टिकून राहण्याचा गुण एखाद्या नरात आला, तर तो झाकून ठेवायला दुसरा संच नसतो. तो गुण लगेच उघडा पडतो, औषधातून तरतो आणि पुढच्या पिढीत उतरतो. वर्षाला वीसेक पिढ्या झाल्या तर हिशेब सोपा आहे. २०११ साली या कोळ्याचा संपूर्ण जनुकसंच वाचला गेला. त्यात विषारी द्रव्ये पचवण्याच्या जनुकांची मोठी फौज सापडली. वेगवेगळ्या वनस्पतींची विषे पचवत आलेल्या जीवाला डब्यातले विष पचवायला शिकणे जड गेले नाही.

दुसरी गोष्ट शेतकऱ्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली असते, पण तिची सांगड घातलेली नसते. फुलकिडीसाठी किंवा फळमाशीसाठी सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातले औषध मारले, आणि पंधरा दिवसांत कोळ्याचा भडका उडाला. असे होते, कारण त्या औषधाने कोळी खाणारे भक्षक कोळी, स्टेथोरस नावाचे टाचणीच्या डोक्याएवढे काळे भुंगेरे आणि कोळीखाऊ फुलकिडे आधी मरतात. राखणदार गेले की चोराला रान मोकळे. मग कोळीनाशक, मग ते लागू होत नाही म्हणून दुसरे, मग दोन्ही मिसळून. हंगामाच्या शेवटी हिशेबाच्या वहीत औषधाचा रकाना भरलेला असतो आणि विक्रीच्या रकान्यात भोपळा.

अशा वेळी कुणी सांगितले की मूळ बदला, तर कान टवकारणे साहजिक आहे. महाराष्ट्राला ही भाषा नवी नाही. नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागायतदाराला डॉगरिज हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. खारवट पाणी आणि अवर्षण यांना तोंड देण्यासाठी त्याने आपली थॉमसन द्राक्षवेल या परक्या खुंटावर चढवली, त्याला आता बरीच वर्षे झाली. त्याच्याही आधी, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, युरोपातले द्राक्षमळे मुळावरच्या फायलोक्सेरा किडीने उद्ध्वस्त होऊ लागले, तेव्हा अमेरिकी द्राक्षवेलीच्या खुंटानेच त्यांना वाचवले. कोकणात हापूसची कोय कलमे करणाऱ्याला तर कोवळ्या रोपावर कलम बांधणे म्हणजे काय, हे हातानेच कळते. वेलवर्गीय भाज्यांचे कलम हा त्याचाच अधिक नाजूक भाऊ आहे.

भोपळ्याच्या कुळात जोडाजोडीचा विचारही फार जुना आहे. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातल्या फान शेंगची यांच्या चिनी कृषिग्रंथात एका युक्तीचे वर्णन येते. एकाच खड्ड्यातल्या दहा भोपळवेलींची खोडे एकत्र बांधायची, ती जुळली की एकच जोमदार शेंडा ठेवायचा. दहा मुळांचे अन्न एका वेलाला मिळते आणि भोपळा मोठा होतो. आधुनिक अर्थाने भाजीपाल्याच्या कलमांची सुरुवात जपानमध्ये १९२० च्या दशकात झाली. कलिंगड पुन्हा पुन्हा त्याच जमिनीत घेतले की फ्युजेरियम बुरशीमुळे मर रोग येई. शेतकऱ्यांनी आणि संशोधकांनी कलिंगडाचे रोप भोपळ्याच्या खुंटावर बसवले आणि मर थांबली. पुढे दुधी भोपळा, मग तांबड्या भोपळ्याच्या दोन जातींचे संकरित खुंट, आणि थंडीतल्या काकडीसाठी अंजीरपानी भोपळा असे खुंट ठरत गेले. आज जपान आणि दक्षिण कोरियात कलिंगडाची बहुतेक सगळी लागवड कलमी रोपांचीच असते. माँट्रियल करारानुसार मिथिल ब्रोमाइड हे जमीन निर्जंतुक करणारे रसायन विकसित देशांत २००५ पर्यंत हद्दपार करायचे ठरले, तेव्हा स्पेन, इटली, तुर्कस्तान, इस्रायल या देशांनीही याच वाटेने जाणे पसंत केले.

इथे वाचकाने थोडे थांबावे. वरची सगळी यादी जमिनीतल्या दुखण्यांची आहे. मर, खार, थंड माती, पाण्याचा ताण या सगळ्यांशी मुळाचा थेट संबंध येतो, म्हणून मूळ बदलले की फरक पडतो. कोळी राहतो पानावर. पान तर कलमाचे, म्हणजे काकडीचेच राहते. मग खाली भोपळ्याचे मूळ आल्याने वरच्या कोळ्याला काय फरक पडावा? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असे आपण म्हणतो. इथे प्रश्न उलटा आहे. आडात आहे, हे मानले, तरी ते पोहऱ्यात येतेच का? या पुस्तिकेचा सारा गाभा या एका प्रश्नात आहे.

इस्रायलमधल्या नेवे याआर संशोधन केंद्रात मेनाहेम एडेलस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच प्रश्न हाती घेतला. २००० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या शोधनिबंधाचा विषय होता दुधी भोपळ्याच्या खुंटातून वेलवर्गीय पिकांना लाल कोळ्याविरुद्ध प्रतिकारशक्ती देण्याची क्षमता. त्यांचे निष्कर्ष आशा वाढवणारे होते. मात्र शीर्षकातला क्षमता हा शब्द त्यांनी जपून वापरला आहे आणि आपणही तो तितक्याच जपून वाचला पाहिजे. सगळे दुधी सारखे नसतात. खुंट म्हणून निवडलेल्या वाणातच तो गुण नसेल, तर कलम कितीही सुबक बांधले तरी त्याचा उपयोग नाही.

गुण असला तरी तो कोणत्या स्वरूपाचा आहे, हे पाहावे लागते. दुधीच्या पानावर हात फिरवला तर मखमलीसारखी दाट लव लागते. अशी लव बारीक किडीच्या वाटेत अडथळा ठरू शकते. पण लव पानाची असते. खुंट आपली लव वर पाठवू शकत नाही. काकडीच्या पानावर काकडीचीच लव येणार. म्हणजे खुंटाकडून काही यायचेच असेल, तर ते रसातून यायला हवे. ते द्रव्य असेल, संदेश असेल किंवा पोषणातला बदल असेल.

रसातून असे काही वर चढते, याचे पुरावे आहेत. १९४० च्या दशकात अमेरिकेत तंबाखू आणि टोमॅटो यांची उलटसुलट कलमे करून पाहिली गेली. तंबाखूच्या खुंटावर वाढलेल्या टोमॅटोच्या पानात निकोटिन साठले. टोमॅटोच्या खुंटावरच्या तंबाखूत मात्र ते जवळजवळ आले नाही. निकोटिन पानात दिसत असले तरी तयार होते मुळात, हे त्यातून सिद्ध झाले. भोपळ्याच्या कुळात तर याहून बारीक गोष्ट हाती लागली. १९९० च्या दशकाच्या अखेरीस भोपळ्याच्या खुंटावर काकडी बसवून केलेल्या प्रयोगांत खुंटाची प्रथिने आणि आरएनएचे रेणू जोड ओलांडून काकडीच्या रसात पोहोचलेले सापडले. म्हणजे जोडाच्या जागी पाणी आणि क्षार तर जातातच, त्याखेरीज निरोपही जातात.

कोळ्याला नको असलेले द्रव्य कोणते असू शकते, याचा एक धागा आपल्या स्वयंपाकघरात आहे. काकडी चिरण्याआधी देठाकडचे टोक कापून तेच त्यावर गोल गोल चोळायचे आणि पांढरा फेस काढून टाकायचा, ही घरोघरची सवय. कडवटपणा निघून जातो असे आपण मानतो. हा कडवटपणा कुकुर्बिटासिन नावाच्या द्रव्यांचा. १९७१ मध्ये डा कोस्टा आणि जोन्स या दोन संशोधकांनी दाखवले, की ज्या काकडीच्या वेलात कडूपणाचे जनुक आहे तिच्यावर दोन ठिपक्यांच्या कोळ्याचे फावत नाही. उलट कडूपणा काढून टाकलेल्या वेलावर तो सुखाने वाढतो. गंमत अशी की अमेरिकेतले काकडीवरचे भुंगेरे नेमके त्या कडूपणाकडेच ओढले जातात. एकाला विष ते दुसऱ्याला आमंत्रण. माणसाने चवीसाठी कडूपणा निवडून काढून टाकला आणि भुंगेऱ्यांपासून सुटका मिळवताना कोळ्यासाठी दार उघडे ठेवले. पीक-संरक्षणात फुकट काही मिळत नाही, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही. म्हणूनच खुंटातून संरक्षण वर येत असेल, तर त्याच्यासोबत फळात काय येते, हेही तपासले पाहिजे. टोमॅटोतल्या निकोटिनची गोष्ट त्याचसाठी लक्षात ठेवायची.

तिसरा रस्ता, म्हणजे पोषणातला बदल, अधिक साधा आहे आणि शेतावर बहुधा तोच आधी दिसतो. तहानलेल्या, उन्हाने तापलेल्या वेलावर कोळी झपाट्याने वाढतो. भोपळ्याचे मूळ काकडीच्या मुळापेक्षा लांब आणि दमदार. त्यामुळे दुपारी पान कमी मलूल होते, वेल पाणी ओढत राहतो, आणि गेलेल्या पानाच्या जागी नवे पान लवकर येते. पण याच जोमाची दुसरी बाजूही आहे. हा खुंट नत्रही भरपूर ओढतो. ठिबकमधून नेहमीच्याच मात्रेत युरिया सोडत राहिलो, तर पान लुसलुशीत होते, आणि नत्राने भरलेले पान कोळ्याला मेजवानीच. कलमी रोप लावून खताचे वेळापत्रक जुनेच ठेवणारा माणूस एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेतो.

आता प्रत्यक्ष कलमाकडे. पुढच्या प्रकरणांत पद्धती तपशिलाने येतीलच. इथे एकच जवळून दाखवतो, कारण तिच्यात या विद्येचे सगळे मर्म आहे. प्रो-ट्रेमध्ये भोपळ्याचे रोप उगवून दोन जाड बीजदले उघडली आहेत, मधून पहिले खरे पान डोकावते आहे. नवे कोरे ब्लेड घेऊन एका बीजदलाच्या बुडातून तिरका काप द्यायचा. त्या एकाच कापात ते दल आणि मधला वाढीचा कोंब दोन्ही निघून गेले पाहिजेत. दुसरे दल जपायचे, कारण जोड भरेपर्यंत मूळ त्याच्यावरच जगते. कोंबाचा कण जरी राहिला, तरी पंधरा दिवसांनी काकडीच्या प्लॉटमध्ये भोपळा फुटलेला दिसतो. मग काकडीचे रोप बीजदलांच्या खाली त्याच कोनात कापायचे, काप कापाला टेकवायचा आणि क्लिप लावायची. हाताला कंप नको, कापाला दुसरा घाव नको, काप वाळायला वेळ देणे नको. भोपळ्याची काडी आतून पोकळ असते. काप खाली घसरला, तर काकडीच्या काडीला सुटलेली मुळे त्या पोकळीतून थेट मातीत उतरतात. बाहेरून सगळे ठीक दिसते, पण रोप पुन्हा आपल्याच मुळावर उभे असते आणि खुंटाचे पैसे वाया जातात.

त्यानंतरचे दिवस बाळंतिणीच्या खोलीसारखे. पंचवीस ते तीस अंश तापमान, हवेत नव्वद टक्क्यांच्या वर ओलावा, पहिले दोन-तीन दिवस मंद उजेड. आठवडा-दहा दिवसांत जोडावर नव्या पेशी धरतात, मग नळ्या जुळतात, आणि मगच रोपाला हळूहळू वाऱ्याची आणि उन्हाची सवय करायची. शेतात लावताना जोड मातीच्या वर राहिला पाहिजे. भर लावण्याच्या आपल्या सवयीला इथे आवर घालावा लागतो, नाहीतर जोड झाकला जातो आणि कलम स्वतःची मुळे सोडते.

या विद्येत धोकेही आहेत आणि ते लपवण्यात अर्थ नाही. एकाच ब्लेडने शेकडो रोपे कापताना काकडीचा हिरवा मोझॅक विषाणू किंवा कलिंगडावरचा फळडाग जिवाणू एका रोगट रोपातून साऱ्या तुकडीत जाऊ शकतो. दोन्ही रोग बियाण्यातून येतात आणि हातातून पसरतात. म्हणून निरोगी, तपासलेले बियाणे आणि दर थोड्या रोपांमागे निर्जंतुक केलेले पाते, या दोन बाबतींत सवलत नाही. काही खुंटांवर कलिंगडाची साल जाड होते, खरबुजाची चव उतरते, काही जोड्या सुरुवातीला धरतात आणि फळ लागताना अचानक माना टाकतात. कलमी रोप साध्या रोपाहून महाग पडते. वेल जोमदार असल्याने ते विरळ लावता येते आणि खर्चाचा काही भाग त्यातून भरून निघतो, पण सगळा निघतोच असे नाही. कोळ्याचा त्रास हे एकच कारण असेल आणि जमीन निरोगी असेल, तर आजच्या घडीला मी कुणालाही सगळा प्लॉट कलमी करा असे सांगणार नाही. जमिनीत मर आहे, पाणी खारवट आहे, उन्हाळ्यात ताण पडतो आणि वर कोळीही आहे, अशा शेतकऱ्याने मात्र याचा गंभीरपणे विचार करावा.

खुंटाने कोळी मरत नाही, हे वाचकाने पक्के लक्षात ठेवावे. फार तर त्याची वाढ मंदावते, अंडी कमी पडतात, भडका उडायला आठवडाभर उशीर होतो. हा आठवडा क्षुल्लक वाटेल, पण कोळ्याची एक पिढी तेवढ्याच काळात होते. तेवढ्या सवडीत भक्षकांना गाठायला वेळ मिळतो. या भक्षकांमधला सर्वांत नावाजलेला फायटोसियुलस पर्सिमिलिस हा १९५८ मध्ये चिलीहून आलेल्या ऑर्किडच्या रोपांबरोबर चुकून जर्मनीत पोहोचला आणि तिथून काचघरांतल्या काकडीचा राखणदार म्हणून जगभर गेला. आपल्या शेतांतही भक्षक कोळी आणि स्टेथोरस भुंगेरे आपसूक येतात. फक्त त्यांना मारायचे नसते. मंद वाढणारा शत्रू आणि जिवंत राखणदार ही जोडी जमली, तर औषधाच्या दोन फवारण्या वाचू शकतात. खुंट हा त्या जोडीतला एक गडी आहे. एकट्याने सामना जिंकेल ही अपेक्षा त्याच्यावर लादू नये.

पुढील पानांची मांडणी याच क्रमाने केली आहे. पहिल्या भागात कोळ्याची ओळख, त्याच्यासारखी दिसणारी इतर लक्षणे आणि भिंगाने मोजणी करण्याची रीत आहे. दुसऱ्या भागात खुंटांचे प्रकार, कोणत्या पिकाशी कोणता खुंट जमतो आणि कलमाच्या तीन पद्धती आहेत. तिसऱ्या भागात शेतावरची निगा, खत-पाण्यातला बदल आणि भक्षकांना सांभाळून घेणारे फवारणीचे नियम आहेत. घाईत असलेल्या वाचकाने दुसरा भाग आधी वाचला तरी चालेल. पहिला मात्र वगळू नये. कोळी न ओळखता खुंट निवडणे म्हणजे आजार न विचारता गोळी गिळणे.

शेवटी एक विनंती. या पुस्तिकेवर विश्वास ठेवून सगळे रान बदलू नका. चार ओळी कलमी लावा, शेजारी चार ओळी त्याच वाणाच्या साध्या रोपांच्या लावा. पाणी, खत, आच्छादन सगळे सारखे ठेवा. दोन्हींतल्या निदान दोन-दोन ओळींवर कोळीनाशक मारू नका. दर पाचव्या दिवशी, सकाळी, प्रत्येक ओळीतल्या दहा वेलांचे मधल्या उंचीचे एक पान उलटे करून भिंगातून मोजा, आणि आकडा वहीत लिहा. तोडा सुरू झाला की दोन्हींचे वजन वेगळे लिहा, एक फळ कापून घरी चवही पाहा. हंगाम संपला की ती वही जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात आणि शेजारच्या चार शेतकऱ्यांना दाखवा. कलमी ओळींतले आकडे कमी आले तर पुढच्या वर्षी ओळी वाढवा. नाही आले तर खर्च चार ओळींचाच झाला असेल, आणि तुमच्या जमिनीवर कोणता खुंट चालत नाही हे वहीत लिहिलेले राहील.